सरकारी बोट आणि बसने अंदमान

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

दिवाळी उरकली की नाशिकच्या वर्तमानपत्रांत अंदमान सहलींच्या जाहिराती झळकू लागतात. ‘पाच रात्री, सहा दिवस, सर्व काही समाविष्ट’ असा मजकूर आणि खाली दरडोई आकडा. चौघांच्या कुटुंबाने तो आकडा चारने गुणला की बेत पुढच्या वर्षावर जातो, आणि पुढच्या वर्षी आकडा आणखी वाढलेला असतो. सावरकरांचे भगूर ज्या नाशिक तालुक्यात आहे, तिथल्या मध्यमवर्गीय माणसाला सेल्युलर जेल पाहायला जाणे परवडू नये, ही मनाला लागणारी गोष्ट आहे. बाबाराव आणि विनायकराव हे दोघे सावरकर बंधू त्या तुरुंगात होते. इथल्या कितीतरी घरांत ‘एकदा तरी जायचे’ असे ठरलेले असते.

अंदमानात सरकारी बस आहे आणि सरकारी बोटही आहे. तिथले लोक शाळेला, दवाखान्याला, बाजाराला जायला रोज तीच वापरतात, म्हणून ती स्वस्त आहे. एसटीच्या ‘आवडेल तेथे प्रवास’ पासावर महाराष्ट्र पालथा घालणाऱ्या नाशिककरांना हा प्रवास मुळीच जड नाही. मात्र बोटींची रीत माहीत नसली तर पैसे वाचणे दूरच, परतीचे विमान चुकते. म्हणून ही रीत सविस्तर लिहीत आहे.

आधी पोहोचण्याचे. राजधानी पोर्ट ब्लेअरचे नाव २०२४ पासून श्री विजयपुरम झाले आहे. तिकिटांवर आणि लोकांच्या तोंडी दोन्ही नावे आढळतात, त्यामुळे गोंधळून जाऊ नये. चेन्नई, कोलकाता आणि विशाखापट्टणम येथून सरकारी प्रवासी जहाजे जातात. पण त्यांना तीन-चार दिवस लागतात आणि महिन्यातून मोजक्याच फेऱ्या असतात. हाताशी भरपूर सुट्टी असलेल्यांनीच तो विचार करावा. बाकीच्यांना शेवटचा टप्पा विमानानेच करावा लागतो. चेन्नई किंवा कोलकात्याहून ते अडीच तासांच्या आत पोहोचते. नाशिक रोडहून गीतांजली एक्स्प्रेस किंवा नागपूरमार्गे जाणारी हावडा मेल पकडली तर दुसऱ्या दिवशी हावडा. हावडा स्टेशनावरून थेट विमानतळापर्यंत आता मेट्रो आहे, हे अजून फार लोकांना ठाऊक नाही. हिरव्या मार्गाने एस्प्लनेड, तिथे बदलून निळ्या मार्गाने नोआपाडा, तिथून पिवळ्या मार्गाने ‘जय हिंद बिमानबंदर’. हा शेवटचा तुकडा ऑगस्ट २०२५ मध्ये सुरू झाला. अंदमानची स्वस्त विमाने बहुधा भल्या पहाटेची असतात आणि त्या वेळी मेट्रो बंद असते. म्हणून आदल्या संध्याकाळीच विमानतळाजवळ मुक्कामाला जावे. विमानाचे तिकीट दोन-तीन महिने आधी काढले तर एकूण खर्चात सर्वांत मोठी बचत तिथेच होते. बसभाड्यात वाचवलेले पैसे शेवटच्या आठवड्यात काढलेले एक महागडे विमान तिकीट सहज खाऊन टाकते.

आता मुख्य मुद्दा बोटींचा. बहुतेक जण हॉटेल आधी ठरवतात आणि बोट मागाहून शोधतात. अंदमानात हा क्रम उलटा ठेवावा लागतो: आधी बोट, मग मुक्काम. आंतरबेटीय बोटी तिथल्या जहाजसेवा संचालनालयाच्या आहेत आणि त्या शहरातल्या फिनिक्स बे धक्क्यावरून सुटतात. त्यांची तिकिटे फार आधी मिळत नाहीत, प्रवासाच्या काही दिवस आधी खुली होतात. संचालनालयाच्या संकेतस्थळावर आणि धक्क्यावरच्या खिडकीवर ती मिळतात. स्थानिक रहिवाशांना भाडे कमी असते आणि ते रास्तच आहे. त्यांची एसटीच ती. पर्यटकाचे भाडेही काही शे रुपयांतच बसते. खाजगी वातानुकूलित बोटीला मात्र दरडोई, दर फेरीला हजाराच्या वर मोजावे लागतात. चौघांच्या कुटुंबाने स्वराज द्वीप म्हणजे जुने हॅवलॉक आणि शहीद द्वीप म्हणजे जुने नील, अशा तीन फेऱ्या धरल्या तर फरक काही हजारांवर जातो.

वेळेत मात्र फरक तितका नाही. खाजगी बोट हॅवलॉकला दीड तासाच्या आसपास नेते, सरकारी बोटीला दोन ते अडीच तास लागतात. शिवाय सरकारी बोटीत वरच्या डेकवर उभे राहून समुद्र पाहता येतो. खाजगी बोटीत बहुतेक वेळ बंद काचेआड बसावे लागते. ज्यांना बोट लागते त्यांच्यासाठीही मोकळी हवा बरी. त्यांनी बोटीच्या मध्यभागी, नजर क्षितिजावर ठेवून बसावे आणि डॉक्टरांना विचारून गोळी घ्यायची ती बोट सुटण्याआधी अर्धा-पाऊण तास घ्यावी. मळमळ सुरू झाल्यावर घेतलेली गोळी पोटात टिकत नाही. पहाटेच्या बोटीला उपाशीपोटी जाणेही चुकीचे. दोन कोरड्या पोळ्या किंवा बिस्किटे खावीत, तेलकट नको.

तिकिटावरचे नाव ओळखपत्राशी जुळले पाहिजे, आणि मूळ ओळखपत्र जवळ ठेवावे. खाजगी बोटी बहुधा हॅडोच्या धक्क्यावरून सुटतात आणि सरकारी फिनिक्स बेवरून. रिक्षावाल्याला नुसते ‘जेट्टी’ सांगितले की दर हंगामात काही कुटुंबे चुकीच्या धक्क्यावर उभी राहतात, आणि तिथून दुसरीकडे पोहोचेपर्यंत बोट सुटते. रिक्षात बसतानाच धक्क्याचे नाव घ्यावे आणि बोट सुटण्याच्या तासभर आधी पोहोचावे.

बोटीत चढण्याची तऱ्हा ज्येष्ठांना आधी सांगून ठेवली पाहिजे. बोट दोरांनी बांधलेली असली तरी स्थिर नसते. धक्का आणि बोट यांच्यामध्ये टाकलेली फळी लाटेबरोबर हातभर वर उचलली जाते आणि पुन्हा खाली बसते. खलाशी दंड धरून चढवतात. त्यांनी ‘आओ’ म्हटले की त्याच क्षणी पाऊल टाकायचे, फळीवर थबकायचे नाही. एका हातात चाकांची बॅग आणि दुसऱ्या हातात खाऊची पिशवी असली की धरायला हातच उरत नाही, म्हणून पाठीवरची सॅकच बरी. ज्यांच्या गुडघ्यांचे ऑपरेशन झाले आहे किंवा तोल जातो, त्यांच्यासाठी मी सरकारी बोट सुचवणार नाही. तिथे पैसे वाचवण्यात अर्थ नाही.

आणि सर्वांत महत्त्वाचे. हवा बिघडली की बोटी रद्द होतात, सरकारीही आणि खाजगीही. मे ते सप्टेंबर नैर्ऋत्य मोसमी पाऊस असतो, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये परतीचा पाऊस आणि चक्रीवादळांचे दिवस. डिसेंबरच्या मध्यापासून एप्रिलपर्यंत समुद्र बराच शांत असतो, तरी एखादा दिवस बंद पडणारच नाही याची हमी कोणी देऊ शकत नाही. म्हणून परतीचे विमान ज्या दिवशी असेल, त्याच्या आदला पूर्ण दिवस आणि रात्र पोर्ट ब्लेअरमध्येच काढायची. हॅवलॉकहून सकाळी निघून दुपारचे विमान पकडू, हा हिशेब कागदावर जुळतो आणि धक्क्यावर फिसकटतो. बोटीचे पैसे परत मिळतात, विमानाचे मिळत नाहीत. सेल्युलर जेल, रॉस, चॅथम ही सगळी शहराजवळची ठिकाणे शेवटच्या दिवसासाठी राखून ठेवली तर तो दिवस वायाही जात नाही. शहर, मग नील, मग हॅवलॉक, मग परत शहर, असे वर्तुळ सोयीचे. नील आणि हॅवलॉकमधल्या बोटी मोजक्या असतात, म्हणून त्या मधल्या फेरीचे तिकीट मिळाले की मगच बाकीचे दिवस नक्की करावेत.

घड्याळाचेही समजून घेतले पाहिजे. अंदमान नाशिकच्या पूर्वेला जवळजवळ १९ अंश रेखांशावर आहे. एका अंशाला चार मिनिटे धरली तर तिथला सूर्य आपल्यापेक्षा सुमारे सव्वा तास पुढे असतो, घड्याळ मात्र तेच. डिसेंबरात संध्याकाळी पाचच्या सुमारास सूर्य मावळतो आणि साडेपाच-सहाला अंधार होतो. साहजिकच सारा कारभार पहाटे सुरू होऊन लवकर आटोपतो, बसचाही. नाशिककर सवयीने नऊला नाश्ता करून दहाला बाहेर पडले तर अर्धा दिवस गेलेला असतो. टॅक्सीवाल्यांचा धंदा याच सवयीवर चालतो: परतीची बस निघून गेलेली असते आणि रस्त्यावर दुसरे वाहन नसते. साडेपाचला बाहेर पडावे, बसने जावे, तीन-साडेतीनपर्यंत परत फिरावे.

बससेवेचे नाव स्टेट ट्रान्सपोर्ट सर्व्हिस, लोक तिला एसटीएस म्हणतात. शहरातले मुख्य स्थानक ॲबरडीन बाजाराजवळ मोहनपुरा येथे आहे. हिंदी सगळीकडे चालते. सुटे पैसे जवळ ठेवावेत, कारण नाशिकच्या सिटीलिंक शहर बसमध्ये जशी सवय लागली आहे तसे मोबाईलवर प्रत्येक ठिकाणी भागत नाही. चेन्नईहून समुद्राखालची केबल २०२० मध्ये आल्यापासून शहरात नेटवर्क पुष्कळ सुधारले. बेटांवर मात्र ते मधूनमधून जाते आणि एटीएम थोडी आहेत. शहरातूनच रोख रक्कम काढून निघावे. कुठल्याही लांबच्या बसमधून उतरताना कंडक्टरला एकच प्रश्न विचारायचा: ‘वापसी की आख़िरी बस कितने बजे?’ फलकावरच्या वेळेपेक्षा त्याचे उत्तर अधिक खरे असते.

मोहनपुऱ्याहून वंडूर आणि चिडियाटापू या दोन बस पर्यटकाच्या खास उपयोगाच्या. दोन्ही ठिकाणे साधारण २५ ते ३० किलोमीटरवर. वंडूरला महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यान आहे आणि तिथून जॉली बॉय बेटाची बोट मिळते. प्रवाळ पाहायचे तर हेच ठिकाण, काचेच्या तळाच्या बोटीतूनही ते नीट दिसतात. पावसाळ्यात जॉली बॉय बंद असते आणि त्याऐवजी रेड स्किन बेट उघडतात. वन विभागाचा परवाना आधी काढून ठेवावा लागतो आणि बोटी सकाळीच सुटतात, म्हणून पहिल्या बसनेच निघावे. प्लॅस्टिकची तपासणी कडक असते. वेफर्सची पुडी, पातळ पिशव्या काहीही आत नेऊ देत नाहीत. घरून स्टीलचा डबा आणि स्टीलची बाटली नेली की प्रश्न मिटतो. चिडियाटापू सूर्यास्तासाठी प्रसिद्ध आहे, पण तो पाहून बस मिळेलच असे नाही. ज्यांना सूर्यास्तच पाहायचा आहे त्यांनी जाताना बस आणि येताना चार जणांत रिक्षा, असे करावे.

चॅथम बेट पुलाने जोडलेले आहे. तिथली १८८३ ची सरकारी लाकूड गिरणी आवर्जून पाहावी. तिच्या शेजारच्या धक्क्यावरून बांबूफ्लॅटला जाणारी फेरीबोट ही माझ्या मते अख्ख्या अंदमानातली सर्वांत स्वस्त सागरी सफर आहे. स्कूटर, भाजीच्या पाट्या, शाळकरी पोरे सगळी एकत्र, आणि भाडे किरकोळ. पलीकडून माउंट हॅरिएटच्या पायथ्याकडे जाणारा रस्ता आहे. या डोंगराचे नाव २०२१ पासून माउंट मणिपूर. चढ मोठा आहे, पाणी बरोबर हवे.

सेल्युलर जेल मोहनपुऱ्याहून चालत जाण्याजोगे आहे. मूळच्या सात इमारतींपैकी आता तीनच उभ्या आहेत. संध्याकाळच्या ध्वनिप्रकाश कार्यक्रमाचे तिकीट हंगामात लवकर संपते, ते आधी घ्यावे. रॉस, म्हणजे नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप, बुधवारी बंद असते.

हॅवलॉकला उतरल्यावर रिक्षावाले गराडा घालतात. पाच मिनिटे थांबावे. धक्क्यापासून राधानगरची बस सुटते, अंतर १२ किलोमीटर. तिच्या फेऱ्या कमी असल्या तरी दिवसाउजेडी मिळतात. राधानगर पश्चिमेला तोंड करून आहे, तिथे सूर्यास्त. विजयनगर आणि काळापत्थर पूर्वेला, तिथे सूर्योदय. मुक्कामासाठी समुद्राला लागून खोली घेण्याचा मोह टाळून गोविंदनगरच्या बाजाराजवळ खोली घ्यावी. भाडे कमी पडते, बस समोरून जाते, आणि बंगाली खानावळीत भात, डाळ, भाजी किंवा मासळीची थाळी मिळते. फाळणीनंतर पूर्व बंगालातून आलेली कुटुंबे इथे वसवली गेली, त्यामुळे स्वयंपाक मोहरीच्या तेलातला. शाकाहारी माणसाचे नीट भागते, आधी सांगावे मात्र लागते. विजयनगरला ओहोटीच्या वेळी पोहायला जाऊ नये. पाणी दूर जाते, खडक उघडे पडतात आणि पाय कापतात. भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते, म्हणून काल सकाळी पाणी भरलेले होते तर आजही त्याच वेळी तेवढे असेल असे धरू नये. नीलवरचा नैसर्गिक दगडी पूल तर ओहोटीलाच गाठता येतो. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास पाणी अधिक हटते, अष्टमीच्या भांगाला, म्हणजे लहान भरती-ओहोटीच्या दिवसांत, कमी. नील लहान आहे, भाड्याच्या सायकलवर एका दिवसात होते. रामनगर, सीतापूर, लक्ष्मणपूर, भरतपूर ही तिथल्या गावांची नावे पंचवटीच्या माणसाला घरचीच वाटतील.

खाऱ्या पाण्यातली मगर अंदमानात आहे आणि तिने माणसे मारली आहेत. जिथे फलक आहे, जाळीबाहेरचा भाग आहे किंवा खाडीचे मुख आहे, तिथे पाण्यात उतरायचे नाही, मग पाणी कितीही निळे दिसो. शंख-प्रवाळ उचलून आणू नयेत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने प्रवाळ आणि अनेक शंख-शिंपले संरक्षित आहेत आणि विमानतळावर ते काढून घेतात.

बाराटांग बेटाबद्दल थोडे अधिक लिहावे लागेल. चुनखडीच्या गुंफा पाहायला जवळजवळ प्रत्येक पॅकेज तिथे नेते, आणि रस्ता जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून जातो. जिरकाटांगच्या चौकीवर गाड्या थांबवून ताफ्याने सोडतात. पहिला ताफा सकाळी सहाच्या सुमारास असतो, त्यासाठी शहरातून मध्यरात्रीनंतर निघालेल्या टॅक्सींची रांग लागते. जंगलात थांबणे, फोटो काढणे, काही देणे हा १९५६ च्या आदिवासी संरक्षण नियमांखाली गुन्हा आहे. या रस्त्याचा राखीव भाग बंद करावा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये दिला होता. तरीही गाड्या चालू राहिल्या, आणि ‘वाटेत जारवा दिसतील’ हे आमिष अजून कानोकानी चालते. माणसे पाहायला जाण्याचा हा प्रकार थांबला पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे. ज्यांना मध्य आणि उत्तर अंदमान पाहायचे आहे त्यांना सरकारी बोटीने रंगतला किंवा उत्तरेला डिगलीपूरजवळच्या एरियल बेला जाता येते. या बोटींना वेळ लागतो आणि फेऱ्या रोज नसतात, पण तो मार्ग कुणाच्या घरातून जात नाही. रंगतहून पुढे मायाबंदर, डिगलीपूर बसने होते. डिगलीपूरला रॉस (शहराजवळचे नव्हे, त्याच नावाचे दुसरे) आणि स्मिथ या दोन बेटांना जोडणारा वाळूचा पट्टा आणि ७३२ मीटरचे सॅडल पीक आहे. यासाठी किमान चार दिवस वेगळे हवेत. एका आठवड्याच्या सहलीत ते कोंबू नये.

शेवटी आपल्या वर्तमानपत्राला आणि नाशिकच्या सहल कंपन्यांना एक विनंती. अंदमानच्या जाहिरातीत तीन गोष्टी छापणे बंधनकारक करावे: बोट कोणती, सरकारी की खाजगी, बोट रद्द झाली तर वाढलेल्या मुक्कामाचा आणि चुकलेल्या विमानाचा खर्च कोणी सोसायचा, आणि परतीच्या आदल्या रात्रीचा मुक्काम कुठे आहे. ज्या पॅकेजमध्ये ती रात्र हॅवलॉकवर दाखवली असेल, ते ग्राहकांनी सही करण्यापूर्वी बदलून मागावे. सहल पुरवणीत दर हंगामाच्या सुरुवातीला एकदा सरकारी बोटींच्या आणि बसच्या वेळा, तिकीट कधी खुले होते ते आणि दोन्ही धक्क्यांचा नकाशा छापला, तर ज्यांना पॅकेज परवडत नाही त्यांनाही तो कागद कापून खिशात ठेवता येईल.

आपला,
एक नियमित वाचक,
नाशिक